झालानाचा बिबट्या आणि माझी आई

तेव्हा यांची बदली परराज्यात झाली होती. ऑफिस झालानात, शहराला लागून असलेल्या जंगलाला अगदी खेटून. एका सकाळी ऑफिसच्या बागेत बिबट्याच्या पावलांचे ठसे दिसले आणि यांना वन्यजीवांचा पुळका आला. तोवर घरातली पाल हाकलायलासुद्धा हे मला हाक मारायचे. आता यांनी चार सहकारी गोळा करून निसर्ग मंडळ काढलं, दुर्बीण घेतली आणि जेवताना पाणवठ्यांविषयी बोलू लागले.

माझी आई तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे वैशाली नगरला आली होती. एका रविवारी सकाळी हे आम्हा दोघींना जंगलात घेऊन निघाले. नियम कडक: भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, बोलायचं नाही. आई पोपटी इरकल नेसून तयार.

"जावईबापू, बिबट्याला बघायला चाललोय की त्याच्या मयतीला?"

सोबत वनरक्षक होता. बरंच चाललो. दिसले ते मोर, आणि ते तर आमच्या गच्चीवर रोज वाळवण खायला यायचे. वाळक्या झुडपांकडे बघत आई म्हणाली, "ह्याला जंगल म्हणायचं व्हय? आमच्याकडं ह्याच्या आड कुणी तांब्या घेऊनसुद्धा..."

"माताजी, धीरे!" वनरक्षक कळवळला.

पुढे वाटेवरच्या धुळीत ताजा ठसा सापडला. हे आणि वनरक्षक त्यावर ओणवे होऊन नर की मादी यावर कुजबुजू लागले. तेवढ्यात आईने माझा दंड घट्ट धरला. समोरच्या खडकावर बिबट्या बसला होता. त्याने आमच्याकडे थंडपणे पाहिलं, जांभई दिली, उठला आणि पलीकडे उतरून गेला. यांना हाक मारायचंही मला सुचलं नाही. आईचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. तिला अशी गप्प मी कधीच पाहिली नव्हती.

"गेला," अखेर ती म्हणाली.

"कोण?" यांनी मान वर केली.

घरी येईपर्यंत हे आमच्यावर फुगून होते. जेवताना मात्र राहवेना. "आई, नर होता की मादी?"

"मी काय त्याची पत्रिका मागितली?" आई म्हणाली. मग यांच्या ताटात भाकरी वाढत, "पण देखणं हुतं हो जनावर. जगू दे बिचाऱ्याला."

पुढे बदली होईपर्यंत हे दर रविवारी जात राहिले. वाटेवरचं प्लास्टिक वेचलं, उन्हाळ्यात वनखात्याच्या मागे लागून पाणवठ्यात टँकरने पाणी सोडायला लावलं. बिबट्या काही दिसला नाही. मग आम्ही नाशिकला आलो. महिन्याभरात शेजारच्या सोसायटीत बिबट्या शिरला, जिन्यात जाऊन बसला, अख्ख्या गल्लीने पाहिला. हे त्या दिवशी ऑडिटला सोलापूरला.