संताला घातलेलं काजळ

एकोणीसशे नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि नाशिकहून चार दिवस राहायला आलेल्या माझ्या सासूबाई हवल्लीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये अडकल्या. बाहेर रणगाडे आणि घरात त्यांचं सोवळंओवळं. मला दोन्हींचा सारखाच वैताग आला होता.

त्यातच आमच्या हॉस्पिटलमधली वसईची नर्स एक तसबीर घेऊन आली. मी तिथे लॅबमध्ये होते. लॅब बंद पडली, तिचा वॉर्ड मात्र चालू होता. रुमैथियातली तिची खोली कुणीतरी फोडली, तेव्हापासून ती वॉर्डातच झोपायची. "ताई, एवढं ठेवा. निघताना नेईन," ती म्हणाली. अठराव्या शतकातल्या कुणा इटालियन चित्रकाराच्या रेखाटनाची ती छापील प्रत होती, तिला नर्सिंग शिकवणाऱ्या म्हाताऱ्या इटालियन मदरने दिलेली. तपकिरी शाईत तीन संत ढगांवर उभे. दोघं वर बघताहेत. तिसऱ्याला चेहराच नाही, नुसता एक लांबट गोल. "चित्रकार तेवढ्यात जेवायला उठला असेल, असं मदर म्हणायची," ती हसली.

सासूबाईंनी तसबीर थेट देव्हाऱ्यात नेली. मी म्हटलं, "अहो, ते ख्रिश्चनांचे संत आहेत." "असू देत. माझ्या देवांना अडचण नाही त्यांची." फुलं मिळेनात म्हणून त्या पुदिन्याची पानं वाहू लागल्या. इथवर मी सोडून दिलं.

मग आमचं बसने बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानाने घरी जायचं ठरलं. मी नर्सचीही जागा धरली. निम्म्या नर्सेस निघून गेल्या होत्या, ही मागे एकटी पडेल याची मला धास्ती होती. विचारावं तेव्हा "बघते ताई" एवढंच. ते 'बघते' ऐकलं की भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. तसबीर न्यायला ती येईलच, आली की तिला बसमध्ये कोंबायची, असं मी ठरवून टाकलं.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पाहते तो काय, तिसऱ्या संताला दोन डोळे! काचेवर काजळ टिकेना म्हणून सासूबाईंनी सांडशीने मागचे खिळे उपटून थेट कागदावर काढलेले.

"काय केलंत हे?"

"अगं, शेंदूर फासलेल्या म्हसोबालाही चांदीचे डोळे बसवतात. डोळ्यांशिवाय हा कुणाची राखण करणार?"

नवरा पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर. तो खोडरबर घेऊन धावला आणि एक डोळा पुसण्याऐवजी गालभर पसरवून बसला. मी दोघांनाही फैलावर घेतलं. परक्या मुलीची ठेव, तिला आता काय तोंड दाखवायचं?

सकाळी ती आली. तिच्याजवळ बॅग नव्हती, पण मी माफी मागण्याच्या घाईत होते, माझ्या ते लक्षातच आलं नाही. तिने चित्र बराच वेळ पाहिलं. सासूबाईंनी म्हसोबाचं तिलाही ऐकवलं, जराही न वरमता.

"छान झालेत डोळे, आजी," ती म्हणाली. "वसईला माझ्या आईकडे पोचवाल हे? म्हणावं, मी बरी आहे."

"म्हणजे? तू येत नाहीस?" मी ओरडलेच.

"वॉर्डात आम्ही दोघीच उरलोय, ताई. पेशंट कुणावर टाकू?"

मी तिला वाट्टेल ते बोलले. मूर्ख म्हटलं, हट्टी म्हटलं, तुझ्या आईला मी कुठल्या तोंडाने भेटू म्हटलं. तिने सासूबाईंचा हात क्षणभर हातात धरला आणि जिना उतरून गेली.

बसमध्ये सासूबाई तसबीर मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचेही डोळे भरले होते, तरी मी त्यांच्यावर, नवऱ्यावर आणि सगळ्यात जास्त तिच्यावर धुमसत होते. हवल्ली कधीच मागे पडली होती. माझ्या शेजारची जागा बघून एका गृहस्थांनी विचारलं, "इथे पिशवी ठेवू का?"

"नाही," मी खेकसले. "तिथे माणूस येणार आहे."