देवीची उजवी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? जे आख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं, ते तुम्ही ऐकलंत तर माझं आणखी काय जाणार आहे! फक्त हसताना बशीतला चहा सांडू नका.

मी पी.टी.चा मास्तर. बेळगावजवळ काकतीच्या पुढं आमचं गाव. तीस वर्षं शाळेच्या मैदानावर 'दाहिने मूड, बाएं मूड' ओरडून निवृत्त झालो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझी पुतणी राधिका टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या चारांत पोचली. बेळगावातली बँकेची नोकरी सोडून गेली होती पोरगी. जिंकली तर गाणं, नाहीतर पुन्हा कुठल्यातरी काउंटरमागं. आणि त्या कार्यक्रमाचं काय सांगू! जो तोंड उघडेल त्याच्या गळ्यात म्हणे साक्षात देव उतरतो. मग दर रविवारी त्यातला एक देव घरी पाठवायचा आणि परीक्षकांनी ढसाढसा रडायचं. स्वतःच मार्क कमी द्यायचे आणि स्वतःच रडायचं!

फायनलच्या आधी राधिकाचा फोन आला.

"काका, दोन गाणी काढल्यात. अभंग म्हणू का लावणी? माझं मन लावणीकडं वडतंय. पण एकदा देवीला विचारा की."

आमच्याकडं सोयरीक असो, बोअर मारायची असो, गावदेवीचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. इतकं सोपं.

ही गोष्ट चॅनेलवाल्यांना कळली मात्र, दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी देवळासमोर हजर! मायबाप प्रेक्षकांना श्रद्धा दाखवायची होती ना. पण आमचा शिवाप्पा गुरव नेमका लेकीकडं सदलग्याला गेलेला. कॅमेऱ्याबरोबरची बाई घड्याळ बघायला लागली.

"काका, उजेड जातोय. दुसरं कोणी नाही का?"

"न्हाय कसं? मी हाय की!"

शिवाप्पाची बायको मागून म्हणाली, "सर, हेनी संध्याकाळी येतील. जरा थांबा."

"आक्का, उजवं-डावं मला शिकवताय व्हय? निम्म्या गावाला मी शिकवलंय!"

मी पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि विचारलं, "आई, पोरीनं अभंग म्हणावा का?" मला मनातून अभंगच हवा होता. भर टीव्हीवर पाटील मास्तरांची पुतणी लावणी गाणार? छे!

टप्! पाकळी पडली. उजवी! मी टाळी वाजवली.

तर कॅमेरावाला म्हणतो, "फोकस गेला. देवीला पुन्हा एकदा सांगता का?"

बघा! देवीलासुद्धा रिटेक! पण आई किती मोठ्या मनाची. पुन्हा विचारलं, पुन्हा तीच पाकळी पडली. एकदा नव्हे, दोनदा कौल! मी लगेच राधिकाला फोन लावला.

"काका, पण लावणी लई बसलीया गळ्यात, असं सगळी म्हणत्यात..."

"देवीपेक्षा शानी झालीस व्हय गं?"

शेवटी अभंग म्हणते म्हणाली.

फायनलच्या संध्याकाळी देवळासमोर मोठा पडदा लावला. आख्खं गाव जमलं, शिवाप्पा पहिल्या रांगेत. आधी माझा कौल दाखवला. ढँग, ढँग, ढँग! पाकळी तीनदा पडताना, माझं तोंड चारदा. मग राधिकानं अभंग म्हटला. नीट म्हटला, पण त्यात ती नव्हतीच. पाठोपाठ दुसऱ्या मुलीनं लावणी घेतली, परीक्षक खुर्चीवर उभे राहिले आणि करंडक तिलाच गेला.

"देवीनं फसवलं!" मी ओरडलो.

शिवाप्पा शांतपणे उठला.

"सर, पाकळी कुठल्या खांद्यावरची पडली?"

"उजव्या."

"कुणाच्या उजव्या?"

"माझ्या... म्हणजे मी समोर हुबा, तर..."

"कौल देवी देती का तुम्ही? तिची ती डावी हो!"

समोर उभ्या माणसाची उजवी म्हणजे आपली डावी, हे तीस वर्षं पोरांना मीच ओरडून सांगितलं होतं! आई दोनदा 'नाही' म्हणाली, रिटेक देऊन म्हणाली, आणि हा शहाणा टाळ्या वाजवत होता.

राधिका परत आली तेव्हा तिच्याकडं बघायची मला लाज वाटत होती. देवळासमोर गाठून सगळं कबूल केलं.

"काका, सातवीत मी एकदा उलटी वळली होती. तुमी काय केलं होतं?"

"मैदानाला पाच फेऱ्या."

"मग? मारा आता देवळाला पाच."

खरंच होतं तिचं. मी चपला काढल्या, देवीसमोर ताठ उभा राहिलो, स्वतःलाच खणखणीत 'दाहिने मूड!' दिला आणि पळत सुटलो.

मागून शिवाप्पा बोंबलला, "ओ सर! परदक्षिणा उलटी चाललीया!"