वाघाच्या वर्षातली करवली

लग्नाची तारीख ठरली, हॉल ठरला, मेजवानीचे पदार्थसुद्धा ठरले, तरी लीयुनच्या जिवाचा घोर काही मिटेना. मुलीला नवरा मिळाला होता. करवल्या कुठून आणायच्या?

मुलाकडून सहा मित्र येतील, असं विहीणबाईंनी हुवेईहून फोनवर अगदी सहज सांगितलं होतं. म्हणजे इकडूनही सहा मुली हव्यात. जोडीला जोड लागते. आणि लेकीला, चिंगवेनला, मैत्रीण होती एक.

चिंगवेन लहानपणापासून कुणाकडे काही मागत नसे. शाळेत खोडरबर हरवलं, तर ती वर्षभर चूक न करता लिहीत राहिली. बाईंनी तिचं कौतुक केलं. लीयुन मात्र नवऱ्याला म्हणाली होती, की ही पोरगी बुडायला लागली तरी हाक मारायची नाही. पुढे नोकरीला लागल्यावर पोटात दुखायला लागलं, तेव्हा ती बस पकडून इस्पितळात गेली आणि अपेंडिक्स काढून झाल्यावर घरी निरोप दिला, आज जेवायला नाही म्हणून. कामही तिने असंच शोधलं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. चिआयी शहरातले निम्मे म्हातारे तिने घडवलेल्या दातांनी टर्कीभात खात होते आणि त्यांतल्या एकाशीही ती कधी एक शब्द बोलली नव्हती. लग्नाची मागणी नवऱ्या मुलाने, पोयेनने घातली हे बरंच झालं. तिच्यावर सोडलं असतं तर दोघं एकमेकांना शुभेच्छा देऊन म्हातारी झाली असती.

तिची ती एक मैत्रीण म्हणजे श्याओची. दोघी शाळेत एका बाकावर होत्या. श्याओचीच्या वडिलांचं गॅस सिलिंडरचं दुकान आता तीच चालवायची. भरलेला सिलिंडर खांद्यावर टाकून चार मजले चढायची आणि वर पोचली की धाप न लागता घरातल्यांच्या तब्येतीची चौकशी करायची. केस आखूड, त्यांत एक निळी बट, आणि हसली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायचा.

एका शनिवारी ती सिलिंडर घेऊन दारात उभी राहिली. लीयुनला आठवेना आपण कधी मागवला ते. श्याओचीने स्वयंपाकघरात जाऊन जुन्यावर बोटांनी टकटक केलं.

"मावशी, हा तर भरलेला आहे." मग तिने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "काय गं, दुकानात इतका वेळ उभी होतीस, शेवटी सिलिंडर सांगून निघून आलीस. आता बोल, खरं काय हवंय?"

चिंगवेन दारात आली. कानापर्यंत लाल झाली होती.

"माझी करवली होशील?"

"एवढंच? मला वाटलं, किडनी मागतेस की काय."

चिंगवेन हसली, तीही मोठ्याने. आपल्या मुलीला असं हसता येतं हे लीयुन विसरून गेली होती. तिला बरं वाटलं आणि ते संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोर फोटो यायला लागले. फिक्या गुलाबी, बिनबाह्यांच्या पोशाखातल्या पाच नाजूक मुली आणि त्यांच्या मधोमध ते खांदे. विहीणबाई हळू आवाजात बोलणाऱ्या, घरचा टॉवेलचा कारखाना, पाहुणे सगळे बेताने हसणारे. आणि नवरा मुलगा दारात आला की करवल्यांनी त्याला अडवून जोर काढायला लावायचे असतात, ते श्याओची मोजणार, म्हणजे पलीकडच्या गल्लीतही मोजले जाणार.

बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या वाघाच्या वर्षात जन्मलेल्या माणसाने नवरीच्या खोलीत पाऊल टाकू नये, असं मानणारे लोक आहेत. लीयुन त्यांतली नव्हती. ती रसायनशास्त्राची पदवीधर, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. हुवेईच्या त्या टॉवेलांना मोठी मागणी असते ती अंत्यविधीला आलेल्या माणसांना वाटण्यासाठी, हे कळूनही स्थळ बघताना तिच्या मनात काही आलं नव्हतं. कारखाना मोठा होता. पण चिंगवेन बैलाच्या वर्षाच्या शेवटाकडची आणि श्याओची वाघाच्या वर्षाच्या सुरुवातीची, हे तिच्या बरोबर लक्षात होतं. स्वतः मानत नसल्यामुळे ते स्वतःच्या नावावर सांगणं बरं दिसलं नसतं. तिने ते विहीणबाईंच्या नावावर सांगितलं.

"तुझ्या सासूबाईंना वाघ चालत नाही गं. मी मानते का असलं काही? पण मोठ्यांचं मन राखावं लागतं."

चिंगवेनने नुसती मान डोलावली. दुसरी मुलगी असती तर विचारलं असतं, कधी म्हणाल्या, का म्हणाल्या, मला का नाही म्हणाल्या. मुलीच्या ज्या स्वभावाची लीयुनने आयुष्यभर काळजी वाहिली, तो त्या दिवशी तिच्या चांगला कामी आला.

चिंगवेनने स्वतः दुकानात जाऊन मैत्रिणीला नको म्हणून सांगितलं. श्याओची म्हणे खूप हसली. ज्यांच्या हुवेई गावाच्या नावाचा अर्थच वाघाचं शेपूट, त्यांना वाघाचं वावडं कसं, असं म्हणाली. मग म्हणाली, मी खाली गाड्यांपाशी थांबेन, ड्रायव्हर लोकांवर नजर ठेवायला कुणीतरी हवंच. त्यानंतर मात्र ती लीयुनला बाजारात दिसली तेव्हा रस्त्यापलीकडूनच हात हलवून गेली. एरवी पिशव्या हिसकावून घरापर्यंत आली असती.

करवल्या मिळवायचं काम लीयुनने अंगावर घेतलं आणि दोन दिवसांत उरकलं. तिला मागायची लाज नव्हती. लांबच्या भाच्या, पुतण्या, जुन्या सहकाऱ्याची मुलगी, ज्या दिसायला बऱ्या त्या सगळ्यांना फोन झाले. एका भाचीची आई कुरकुरली, की पोरगी दोनदा करवली झालीय, तिसऱ्यांदा झाली तर तिचं स्वतःचं लग्न होत नाही म्हणतात. लीयुनने तिला असल्या खुळचट समजुतींवर एवढं सुनावलं, की तिने घाईघाईने होकार दिला. बाकीच्यांनी पोशाखाचा रंग विचारला, मेकअप कोण करणार ते विचारलं, आणि एकीने आडवळणाने, करवल्यांना पैसे घालून देतात त्या लाल पाकिटाची जाडीही विचारली. चिंगवेनबद्दल कुणीच काही विचारलं नाही. चिंगवेनला सहा जणींचे फोटो दाखवले तेव्हा ती छान आहेत म्हणाली. त्यांतल्या दोघींना ती कधीतरी भेटली होती.

मग विहीणबाईंचा फोन आला. त्या नेहमीप्रमाणे हळू बोलत होत्या.

"वाघ चालत नाही म्हणून मैत्रीण करवली नाही, एवढंच चिंगवेन पोयेनला म्हणाली, तेव्हा कळलं तुमच्याकडे वाघाचं पाळतात. आधी नाही का सांगायचं, विहीणबाई? आम्हाला यातलं काही ठाऊक नाही. बरं झालं वेळेवर समजलं."

पुढचं त्यांनी फार नाजूकपणे सांगितलं. पोयेनची आत्या वाघाच्या वर्षातली. कारखान्यात रात्रपाळी सुरू झाली तेव्हा पोयेन तिच्याच हाताखाली वाढला, नवरी आणायला पहिली गाडी तिची असं त्याने लहानपणीच कबूल केलेलं. पण मुलीकडचे पाळतात म्हटल्यावर त्यांनी तिला येऊ नको म्हणून कळवलं होतं. तिने नवा पोशाख शिवला होता तो कपाटात ठेवला.

खरं सांगून टाकायला जागा होती. लीयुन म्हणाली, "काय करणार हो, घरातल्या जुन्या माणसांसाठी करावं लागतं." नवरा सोडला तर तिच्या घरात सगळ्यात जुनं माणूस ती स्वतःच होती.

त्या संध्याकाळी चिंगवेन कामावरून आली आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मी पोयेनला विचारलं," ती म्हणाली.

लीयुन पालेभाजी चिरत होती. यात थांबण्यासारखं काय आहे, ते तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपली पोरगी ‘विचारलं’ म्हणाली.

"तुझ्या आईला वाघ का चालत नाही, असं विचारलं. तो म्हणाला, माझ्या आईला? तुझ्या आईला."

बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. चिंगवेनचे वडील सहसा घरच्या बोलण्यात पडत नसत, पण ऐकत सगळं असत. ते बसल्या जागेवरून म्हणाले, की यात एवढं काय, देवळातल्या पंचांगवाल्याने तोड काढली म्हणायचं. मनगटाला लाल धागा बांधला की वाघ चालतो म्हणायचं. विहीणबाई सुटल्या, आत्याबाई सुटल्या, तूही सुटलीस.

तोड इतकी चांगली होती, की ती आपल्याला कशी सुचली नाही याचं लीयुनला नवल वाटलं.

"आणि श्याओची?" चिंगवेनने विचारलं.

"तिला तू सांग की. तुझं ऐकेल ती."

"मी नाही विचारणार." चिंगवेनचा आवाज चढला नव्हता. "एकदा विचारलं, आई. ती हो म्हणाली आणि मग मीच जाऊन नको म्हणून आले. पुन्हा मला नाही जमायचं. ती नसेल तर मी एकटी उभी राहीन. त्या सहा जणींना तू कळव."

ती खोलीत गेली. दार आपटलं असतं तर लीयुनला रागावता आलं असतं. ते नेहमीसारखंच आवाज न करता लागलं.

लीयुनने सुरी ठेवली. विहीणबाईंना लाल धागा सांगता आला असता. त्यांनी विश्वास ठेवला असता किंवा ठेवल्यासारखं दाखवलं असतं, आणि विहिणी-विहिणींत तेवढं पुरतं. पण श्याओचीच्या त्या मनगटावर कसला धागा टिकणार? ती सरळ विचारणार, मावशी, वाघ कुणाला चालत नव्हता?

जिने दोन दिवसांत सहा मुली गोळा केल्या होत्या, तिला आता पहिलं वाक्य जुळवता येईना. तिने श्याओचीच्या वडिलांच्या गुडघ्यांपासून सुरुवात करून पाहिली, हवेपासून करून पाहिली. कुठूनही सुरुवात केली तरी वाट त्या एका प्रश्नावरच येत होती आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

तिने हात पुसले आणि फोन घेतला. नवऱ्याने नीट ऐकू यावं म्हणून टीव्ही बंदच केला, तेव्हा तिने त्याला गॅलरीत पाठवलं आणि श्याओचीचा नंबर लावला.