लिंबू-मिरची आणि चार ट्यूबा

वडनेर भोलजीला हायवेवर प्रेमानंदचं पंक्चरचं दुकान आहे. पण दहा कोसांत त्याचं नाव निघतं ते बुडालेल्या ट्रॅक्टरसाठी. पूर्णेच्या डोहात कुणाचं ट्रॅक्टर गेलं की याला बोलावणं. ट्रकच्या रिकाम्या ट्यूबा घेऊन यानं बुडी मारायची, चाचपडत त्या चाकांपाशी बांधायच्या, मग काठावरून नळीनं हवा भरायची. ते धूड म्हशीसारखं सावकाश वर आलं की लोक टाळ्या वाजवतात, आणि हा एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढतो. बावीस वर्षं हेच. उजवा कान केव्हाच गेला, थंडीत गुडघे वाकत नाहीत. पावसाळा सरताच बायकोनं, समतानं, निक्षून सांगितलं होतं की आता पाण्यात उतरायचं नाही.

त्यालाही नकोच होतं. बुडाल्यावर बांधायच्या त्या ट्यूबा आधीच का बांधू नयेत, असं त्याच्या मनात आलं. गावच्या महादेवरावांची जुनी जीप ओढेनाले तुडवत वावरात जायची. तिच्या चारी कोपऱ्यांना त्यानं रेक्झिनच्या पिशव्यांत घडी करून ट्यूबा बसवल्या. सीटमागं हवेची टाकी, हाताशी एक खटका. ओढला की चारही फुगणार. हे साधलं तर लोक गाड्या घेऊन दुकानात येतील आणि त्याची बुडी कायमची सुटेल, एवढाच त्याचा हिशेब.

रविवारी सकाळी पाझर तलावावर निम्मं गाव जमलं. प्रेमानंदनं स्वतःच जीप पाण्यात घातली. पाणी बोनेटला लागलं तसा खटका ओढला. मागच्या दोन फुगल्या, पुढची डावी फुगली. उजवीकडं नुसते बुडबुडे. जीपचं तोंड खाली गेलं आणि चिखलात रुतलं. मागची चाकं वर. तो खिडकीतून निघून कसाबसा काठाला आला.

"माह्या गाडीनं तं बदकावानी डोकं खुपसलं न बे," महादेवराव म्हणाले. मग हळूच, "आता काढशीन कशी?"

काढायची एकच रीत होती. प्रेमानंदनं समताकडं पाहिलं. त्याचा मोबाईल सकाळपासून तिच्याच हातात होता; तिनं त्याचा ओला शर्टही घेतला.

पहिल्या बुडीत त्यानं पुढची उजवी पिशवी चाचपली आणि बोटाला काही टोचलं. वर आला तो हातात लिंबू-मिरची घेऊन. मधोमध बिब्बा आणि सगळं ओवलेली काळी तार. तारेचं टोक ट्यूबेत शिरलं होतं.

महादेवरावांच्या आई सिंधूताई पुढं झाल्या. "मीच बांधली काल शनवारी. गाडीले नजर नोको लागाले म्हून."

लोक हसले. महादेवराव म्हणाले, म्हणजे तुझ्या कामात खोट नव्हती.

"होती न भाऊ," प्रेमानंद दम घेत म्हणाला. "आमच्या घरी बांधत नाहीत, तं मले सुचलंच नाही. पन गाडीले लिंबू तं सारेच बांधतात. पिशवीवर पत्रा पाह्यजे होता."

महादेवराव म्हणाले, पत्रा लाव, माझ्या दुसऱ्या गाडीलाही बसव. प्रेमानंदनं मान हलवली. पण जीप अजून खालीच होती. नवी ट्यूब दंडात अडकवून तो पुन्हा थंडगार पाण्यात उतरला, आणि दिसेनासा झाला.

तेवढ्यात समताच्या हातातला मोबाईल वाजला. पलीकडून कुणीतरी घाईनं सांगत होतं, डोहात ट्रॅक्टर गेलं, प्रेमानंदभाऊंना धाडा.

समतानं पाण्याकडं पाहिलं. वर नुसते बुडबुडे येत होते.

"ते आता बुडी नाही मारत," ती शांतपणे म्हणाली. "गाडी बुडाच्या आंधी आनत जा."