कपाळावरचा डाग आणि समोरच्या दारातल्या चपला

“डाक्टर, महारोग असंल तर आत्ताच सांगा. सांजच्या यष्टीनं हिला हिच्या बापाकडं घालवून येते.”

गिरजाबाई अजून बाकावर टेकल्याही नव्हत्या. त्यांच्या मागं त्यांची सून सुमन भुवयांपर्यंत पदर ओढून उभी होती. वय विशीच्या आतबाहेर.

मी पदर मागं घ्यायला सांगितला. कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा काळपट डाग होता. कडा खरबरीत. डागाच्या मध्यावर मेण लावून टेकवलेलं ठसठशीत लाल कुंकू. ते मी पाहिलं, पण नाकडोळे पाहावेत तसं. कपाळ म्हटलं की ते असायचंच.

ही गोष्ट सोनईची. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा होता आणि मला तिथं डिस्पेन्सरी टाकून दोन वर्षं झाली होती.

महारोगाची पहिली तपासणी सोपी असते. त्या रोगात डागावरची संवेदना जाते. पेशंटला डोळे मिटायला लावायचे, कापसाची वात डागाला टेकवायची आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. सुमननं प्रत्येक वेळी अचूक दाखवलं. वर “खाजतंय” असंही म्हणाली.

“महारोग नाही. लिहून देऊ?”

“लिवून काय करू? मला वाचता येत न्हाई. मग हाय काय हे?”

मी ‘वांग’ म्हणणार होतो. वांग म्हणजे ऊन, बाळंतपण अशा कारणांनी चेहऱ्यावर येणारे काळे डाग. ते बहुधा गालांवर उतरतात आणि खाजत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात गिरजाबाई म्हणाल्या, “समूरचे अण्णा वैद्य तर वांग म्हनले.”

त्या क्षणी माझं डायग्नोसिस बदललं.

अण्णा वैद्यांचा दवाखाना रस्त्यापलीकडं, माझ्या खुर्चीच्या नेमका समोर होता. माझ्या पाटीवर माझं नाव आणि एम.बी.बी.एस. एवढंच. अण्णांच्या पाटीवर वैद्यराज, आयुर्वेदमार्तंड, निदानकेसरी आणि आणखी दोन पदव्या होत्या. त्या कुणी दिल्या हे पाटीवर नव्हतं. पाटी दुकानापेक्षा हातभर लांब असल्यानं तिचं एक टोक शेजारच्या शिंप्याच्या दारावर गेलं होतं. शिंप्याला त्याचा अभिमान होता.

अण्णांकडं चपला बाहेर काढून जावं लागे. बाजारच्या दिवशी मी खुर्चीत बसून त्या मोजत असे. त्यांच्या दाराशी एकोणीस जोड, माझ्या दाराशी चार. त्यातला एक माझा.

“झाल्या का मोजून?” सुधा, म्हणजे माझी बायको, आतून चहा आणताना विचारायची. घर डिस्पेन्सरीच्या मागंच होतं, मध्ये एक पडदा.

तर मी गिरजाबाईंना विचारलं, “अण्णांनी काय काय लावायला सांगितलंय?”

“रातीला जायफळ दुदात उगाळून. चार दिसांआड मसुरीची डाळ वाटून. हळद आन् साय. आन् सकाळच्या पारी लिंबाची फोड घासायची.”

“लिंबू घासून मग कुठं जाते ही?”

“कुटं म्हंजे? कांदं काढायला. रानात.”

मला आनंद झाला. तो लपवायला मी स्टेथोस्कोप कानाला लावला, ज्याचं तिथं काही काम नव्हतं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी काळी पडते, प्रसंगी भाजते. हे पक्कं होतं. “हे सगळं आजपासून बंद,” मी म्हणालो. “यानंच झालंय.”

लिंबाबद्दल मी बरोबर होतो. जायफळ, मसूर आणि साय यांना मी त्यात ओढलं, कारण ती समोरच्या दारातून आली होती. शिवाय डाग आधी आला आणि लिंबू नंतर, हे मी विचारलंच नाही.

नगरहून मागवलेलं एक ऑइंटमेंट दिलं. आठवड्यात खाज कमी झाली. ही बातमी गावभर व्हावी याची मी थोडी तजवीज केली. तिसऱ्या आठवड्यात डाग भुवयांकडं सरकला.

गिरजाबाई पुन्हा दारात उभ्या. “अक्षय तृतीयेपतूर बघते. मग हिला बापाकडं. माज्या धाकल्याचं लगीन ठरवायचं हाय. पावनं घरी आलं, हिचं कपाळ बघितलं, तर पोरगी देतील व्हय कुनी? खरा रोग काय हाय ते तुमालाच म्हाईत न्हाई.”

त्या दिवशी सुमन आपणहून बोलली. खाली बघत म्हणाली, “तिकडं आई न्हाई. भावजय हाय.”

अक्षय तृतीयेला पंधरा दिवस होते.

पुढच्या खेपेला गिरजाबाई आल्याच नाहीत. सुमनबरोबर शेजारची हमीदा आली. दोघी एकाच रानात कामाला जात. हमीदा बडबडी होती.

“डाक्टरसाब, ऊन लागून काळं पडतंय म्हनता?”

“ऊन हे एक कारण आहे.”

“मग मी काय सावलीत कांदं उपटते?” तिनं पदर मागं सारला. “आमी दोगी एका वाफ्यात. पानी एका आडाचं. साबनाची वडी बी एकच, दोऱ्यानं कापून निम्मी निम्मी घेतो. बघा माजं कपाळ.”

मी बघितलं. स्वच्छ होतं. मग सुमनचं बघितलं. मग पुन्हा हमीदाचं. दोन कपाळांत फरक एकच होता, आणि तो लाल होता.

“कुंकू कुठलं लावतेस?”

“बाजारचं. डबीतलं,” सुमन म्हणाली. “संक्रांतीला नवं घेतलं. लई लाल हाय.”

“आणि डाग कधीपासून?”

“शिमग्याच्या आदी दिसाया लागला.”

महिना घालवून मी हा प्रश्न विचारला होता.

आमच्याकडं पॅच टेस्ट म्हणून एक साधी गोष्ट असते. संशय आहे तो पदार्थ हाताच्या आतल्या बाजूला लावायचा, वर कापडाची चौकोनी घडी ठेवून चिकटपट्टी मारायची आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. कातडीला तो सोसत नसेल तर तिथं लाली येते, पुरळ उठतं. सुमननं डबी आणली. मी पट्टी बांधली. दोन दिवसांनी सोडली, तर पुस्तकात छापावा असा लाल चौकोन. बाजारच्या कुंकवातला रंग तिला सोसत नव्हता. ती रोज रात्री डागावर औषध लावत होती आणि रोज सकाळी त्याच डागावर डागाचं कारण लावत होती.

त्या क्षणी मला सुमनची आठवण आली असती तर बरं झालं असतं. मला आठवल्या चपला. हे अण्णांना सात जन्मांत सापडलं नसतं.

मी गिरजाबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या. मी खुर्चीत ताठ बसून सांगितलं, “कारण सापडलं. कुंकू लावायचं बंद. आजपासून.”

“कुनाचं?”

“हिचं.”

गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या. “माजा ल्योक जित्ता हाय, डाक्टर.”

“तसं नव्हे. त्यातला रंग केमिकलचा असतो. त्याची ॲलर्जी...”

“तुमच्या बायकूला सांगितलंय का हे बंद कराया?”

पडद्याआड कपबशी वाजली. सुधाच्या कपाळावर तिचं नेहमीचं कुंकू होतं, तेही डबीतलंच. मला ते सुचलंही नव्हतं. मी पुन्हा केमिकलकडं वळलो, पण गिरजाबाईंनी सुनेचा हात धरला आणि तरातरा रस्ता ओलांडून समोर गेल्या. जाताना दाराशी चपला काढल्या. दोन जोड. मी मोजले.

संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की डॉक्टर सवाशिणींची कुंकवं बंद करतोय. पुढचे चार दिवस माझ्या दाराशी फक्त माझ्या चपला होत्या. हिवतापवालेसुद्धा समोर गेले.

“तुम्ही चूक काहीच सांगितलं नाहीत,” सुधा म्हणाली. “पण असं कुणी सांगतं का?”

“मग कसं सांगायचं होतं?”

“मला काय विचारता? पाटीवर माझं नाव नाही.”

अक्षय तृतीया आली आणि गेली. सुमनला यष्टीत बसवल्याचं कानावर आलं नाही. विचारायचं धाडसही नव्हतं. आणखी काही दिवसांनी हमीदा बोटात घुसलेला काटा घेऊन आली. मी काटा काढत असताना तिनं बाकीचं सगळं आपणहून काढलं.

“सुमनचं कपाळ उजळाया लागलं की. अण्णांचं जायफळ पुन्यांदा सुरू हाय. लई गुन हाय म्हनं जायफळाला.”

“आणि कुंकू?”

“लावती की. सासू सवता कुटून देती, घरचं.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “डाक्टरसाब, काटा माज्या बोटात हाय. तुमाला काय व्हतंय?”

दुपारी मी रस्ता ओलांडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. दाराशी एकोणीस जोड होते. मी माझ्या चपला काढल्या आणि वीस केले.

आत अण्णा गादीवर लोडाला टेकून बसले होते. अंगावर उपरणं, कपाळावर आडवं गंध, पुढ्यात सहाण. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर त्यांचं प्रवचन चाललं होतं आणि त्यात गुडघ्याचा उल्लेख क्वचितच येत होता. मला पाहून ते म्हणाले, “यावं, यावं डॉक्टरसाहेब! आज आमच्या कुटीला पाय लागले.” सगळ्या खोलीनं मान वळवून माझे पाय बघितले.

खोली रिकामी व्हायला तासभर लागला. मग अण्णांनी उपरणं बाजूला टाकलं आणि आवाज साधा केला.

“सुमनबद्दल ना? वांग म्हणालो ते चुकलंच माझं. बाहेर बोलू नका.”

“कळलं कसं?”

“तिच्या हातावर लाल चौकोन होता. रोग असा पट्टीनं आखल्यासारखा उठत नाही. विचारलं, तर म्हणाली डॉक्टरांनी कुंकू बांधलं होतं. मग माझं काम कितीसं उरलं? तुम्ही बंद कर म्हणालात. मी बदल म्हणालो. अकरा दिवस देवीचा नेम म्हणून नुसतं हळदीचं बोट लावायचं. हळदीला सासू कशी नाही म्हणेल? आणि पुढं कुंकू घरचं. हळकुंडं, लिंबाचा रस, टाकणखार, म्हणजे तुमचं बोरॅक्स. मुरवायचं, वाळवायचं, कुटायचं. कुटायचं सासूनं, असं मुद्दाम सांगितलं. जिनं स्वतः कुटलं, ती ते कपाळ सहजी घराबाहेर काढत नाही.”

ते पुढं म्हणाले, “पण घरचं तरी तिला सोसेल कशावरून? त्यातही लिंबू आहे, खार आहे. म्हणून ते आधी तिच्या दुसऱ्या हाताला तुमच्यासारखंच बांधून बघितलं. दोन दिवस. काही उठलं नाही. मगच कपाळाला.”

हे माझ्या पुस्तकात होतं. एक पदार्थ वाईट ठरला की त्याच्या जागी द्यायचा तोही तसाच तपासून घ्यावा. कॉलेजात असताना त्या ओळीखाली मी लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. तोवर मला अण्णांच्या चपलांचा हेवा वाटत होता. तो सोसण्यासारखा असतो, कारण गर्दीला काय कळतं असं म्हणता येतं. त्या दुपारी मला त्यांच्या डोक्याचा हेवा वाटला. त्याच्यावर काही म्हणता येईना.

“आणि जायफळ?” मी शेवटचा दगड मारून पाहिला. “त्यानं डाग जात नाही, अण्णा. कारण गेलं की तो आपोआप उतरतो.”

“उतरतोच. पण त्याला महिने लागतात. तोवर घरात काहीतरी चाललंय असं दिसायला नको का? रात्री सहाण वाजली की सासूला वाटतं, उपाय चालू आहे. लिंबू मात्र मी सोडवलं. ते तुमचं बरोबर होतं.”

“मग श्रेय...”

“तुमचं नाव मी आनंदानं घेतलं असतं. पण हे डॉक्टरांनी शोधलंय म्हटलं असतं, तर गिरजाबाईंनी हळदीचं बोटसुद्धा लावू दिलं नसतं. खोटं बोलतोय का?”

नव्हते बोलत. त्याचाही राग आला.

दिवाळीत सुमन आली. पदर डोक्यावर होता, भुवयांवर नव्हता. डागाच्या जागी चहाचा ओघळ पुसल्यावर राहावा तेवढाच रंग उरला होता. धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं आणि पाहुण्यांना पाणी तिनंच नेऊन दिलं होतं. ती सुधासाठी कागदाची पुडी घेऊन आली होती. “सासूनं दिलंय, वैनींना. अण्णांच्या रीतीचं कुंकू हाय.”

सुधानं डबी त्याच दिवशी टाकून दिली. मी जेवायला बसलो की समोर, हातभर अंतरावर, अण्णांच्या रीतीचं कुंकू. रंगानं जरा गडद, विटकरीकडं झुकणारं. तिला शोभत होतं, हे मला कबूल करावं लागलं.

पाडव्याला अण्णांची पाटी नव्यानं रंगवली गेली. पदव्यांच्या खाली एक ओळ वाढली होती: ‘येथे पट्टी बांधून त्वचापरीक्षा केली जाते.’ ती ओळ नेमकी शिंप्याच्या दारावर आली होती, त्यामुळं पुढं बरेच दिवस लोक खाजरे हात घेऊन शिंप्याकडं जात.

पेशंटला काही सोडायला सांगायचं असेल, तर त्या जागी काय द्यायचं ते आधी हातात असावं, आणि तपासलेलं असावं. एवढं मी त्यानंतर सगळी प्रॅक्टिस संपेपर्यंत पाळलं. चपला मोजणं मात्र सुटलं नाही.