बाळंतिणीचं पाणी

न्यूझीलंडमधल्या आकारोआच्या बंदरात नायरी आंटीने एकोणीस वर्षं बोट चालवली. बोट आधी ब्रेटच्या बापाची, मग ब्रेटची. सुकाणू मात्र आंटीचं. आईकडून ती माओरी, बापाकडून गावात फार पूर्वी येऊन वसलेल्या फ्रेंच घराण्यातली. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. डॉल्फिनांच्या मागे तिने बोट कधी पळवली नाही. बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद करायची, डॉल्फिनांसोबत पोहायला आलेल्यांच्या हातात दोन-दोन गोटे द्यायची आणि म्हणायची, "पाण्याखाली एकमेकांवर वाजवा. त्यांना वाटलं तर येतील. घर त्यांचं आहे."

त्या डिसेंबरात ख्राइस्टचर्चहून सकाळच्या बसने बारा जण आले. बंदराच्या तोंडाशी बोट थांबली, तसे रबरी पोशाख चढवून, गोटे घेऊन कठड्याशी बसले. इतक्यात पाण्यातून दीड हाताचं पिल्लू आईला चिकटून वर आलं. पोटात दुमडून राहिल्याच्या फिकट रेषा अजून त्याच्या अंगावर होत्या.

आंटी म्हणाली, "गोटे परत द्या. आज कुणी उतरायचं नाही."

"आम्ही खास यासाठीच आलोय!" एक गृहस्थ तडकला.

"बाळंतिणीच्या खोलीत असेच घुसता का हो तुम्ही?"

त्याने तिथूनच ब्रेटच्या कंपनीला फोन लावला. लगेच वायरलेसवर ब्रेट गरजला, "आंटी, पिल्लू कुणी बघितलंय? पाण्यात उतरव त्यांना!"

"मी बघितलंय."

"मग किल्ली माझ्या टेबलावर ठेव आणि घरी जा."

"टेबल पुसून ठेव. आलेच."

तिने बोट वळवली. किल्ली ठेवली. एकोणीस वर्षांचं काम एका दुपारी संपलं.

दुसऱ्या दिवशी बस आली तेव्हा ब्रेट स्वतः सुकाणूवर होता, आणि आंटी धक्क्यावर उभी. पोशाख चढवून बोटीकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून सांगत होती, "बाहेर तान्हं पिल्लू आहे. बोटीतून बघा, डोळे भरून बघा. पाण्यात उतरू नका. कायदाही तेच सांगतो."

"आंटी, धक्का सोड!" ब्रेट ओरडला.

"धक्का तुझ्या बापाचा नाही रे. गावाचा आहे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. एका म्हातारीने अंगावरचा रबरी पोशाख तिथेच उतरवला आणि ब्रेटच्या हातात दिला. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने.

आंटी पुढच्या बसची वाट बघत उन्हात उभीच राहिली.