पुण्यातली ॲनिमेशनची टेस्ट

नंदुरबारच्या पथारींवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची वाळायला पडली की वाऱ्याबरोबर तिचा ठसका घरात येतो, आणि मला पुण्यातलं ते थंडगार ऑफिस आठवतं. दोन वर्षं मोबाइलवर व्हिडिओ पाहून, मैत्रिणीच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एकटीच ॲनिमेशन शिकले होते. एका स्टुडिओनं टेस्टला बोलावलं, तेव्हा पथारीवर काम करणारे वडील खाडा करून सोबत आले. ते स्टुडिओतल्या बाकावर बसले आणि त्यांच्या सदऱ्यात मुरलेल्या मिरचीच्या ठसक्यानं समोरच्या टेबलावरची मुलगी शिंकायला लागली. वडील मात्र वॉचमनला सांगत होते, "मन्ही पोर कार्टून बनाडस." आत मला जड पेटी उचलणारा माणूस हलवून दाखवायचा होता. तिथलं सॉफ्टवेअर मी कधी पाहिलंही नव्हतं. तासाभरानं माझा माणूस पेटी उचलू लागला, पण पेटीत कापूस भरल्यासारखी ती अलगद वर जायची. तिथले सर हळू आवाजात म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा, पण आम्हाला शिकून आलेली माणसं लागतात." बाहेर वडिलांनी विचारलं, "काय व्हयनं, माय?" मी म्हणाले, "फोन करतीन." स्टुडिओच्या फॉर्मवर वडिलांचाच नंबर होता, म्हणून एसटीत रेंज जाऊ नये म्हणत त्यांनी मोबाइल खिडकीशी धरून ठेवला. पुढे कित्येक महिने ते मोबाइल काढून माझ्यापुढे धरायचे, "देख बरं, उना का फोन?" मग कधीतरी त्यांनी विचारणं सोडलं. आज मी गावातल्याच एका दुकानात लग्नपत्रिका डिझाइन करते. खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि त्यांना ते कधी कळलं, हे विचारायची हिंमत मला होत नाही.